समुद्राला अकोल्याची परवानगी

आमच्या गल्लीत कुरडया कोणत्या दिवशी टाकायच्या हे मी ठरवते. हा मान मला कुणी दिलेला नाही, मी तो मिळवला आहे. उन्हाळा लागला की अकोल्यात सकाळी दूधवाल्याच्या पाठोपाठ एखादी शेजारीण दारात हजर असते. "मॅडम, आज टाकू काय?" मग मी हातातला चहा तसाच ठेवून गच्चीवर जाते, चारी दिशांना मान फिरवते, वारा कोणत्या गालाला लागतो ते बघते आणि कठड्यावरून खाली निकाल सांगते. कुरडयांचा गहू आधी भिजत घालावा लागतो, त्याचा चीक शिजवताना हात भाजतात, आणि एवढं करून सोऱ्यातून पाडलेल्या ओल्या कुरडयांवर आभाळ आलं की सगळं मातीमोल होतं. त्यामुळे माझ्या शब्दाला गल्लीत वजन आहे. आमचे हे वकील आहेत, पण कोर्टात त्यांच्या शब्दालाही एवढं नसावं.

अशा बाईची एकुलती एक मुलगी कोकणात नोकरीला गेली आणि तिथे शिडाची होडी चालवायला शिकू लागली.

"आई, मी सध्या शीड चढवायले शिकून राह्यली," असं तिने फोनवर सांगितलं. भाजीत मीठ टाकून झालंय, असं सांगावं तसं. मी खाली बसले. आमच्या सात पिढ्यांत गुडघ्याच्या वर पाण्यात कुणी गेलं नव्हतं. माझं माहेर चांदूर बाजारजवळच्या एका गावात, काळ्या मातीत आणि संत्र्याच्या बागेत. सासर अकोल्यात, पुस्तकांत आणि कज्जेखटल्यांत. मी शाळेत भूगोल शिकवते. खारे वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे, हे फळ्यावर बाण काढून पोरांकडून घोकून घेण्यात माझी हयात गेली. प्रत्यक्षात समुद्र दोनदाच पाहिला होता. दोन्ही वेळा शाळेची सहल होती आणि माझा सगळा वेळ पोरं मोजण्यात गेला.

मी सरळ "नाही" म्हणून टाकलं.

"काऊन?" मुलीने विचारलं.

"मले भेव वाटते म्हणून."

"भेव हे काही कारण नाही, आई."

मला राग आला. माझा राग प्रसिद्ध आहे. दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज जरा मोठा होत राहिला. शेवटी ह्यांनी फोन मधे ठेवून, स्पीकर लावून, मायलेकींची सुनावणी घेतली.

"मनाई हुकूम पाह्यजे असन तं कारण द्या लागते," हे मला म्हणाले. "नुसतं 'मले वाटते' म्हटलं तं कोर्ट फेकून देते." मग मुलीकडे वळले. "अन् तू. समुद्रात जाताना मांग कोणाले सांगून जातं?"

मुलगी म्हणाली, तोच नियम आहे. किनाऱ्याने होडी हाकणारा प्रत्येक माणूस कुठे चाललोय, कधी पोचणार हे जमिनीवरच्या कुणाला तरी सांगून निघतो. तिच्या होडीच्या मालकांनीच तसं बजावलं होतं. हे गृहस्थ कोकणातलेच, साठी उलटलेले, खाडीवरच्या तरुण पोरांना होडी शिकवायचा त्यांना छंद. मुलीने अजून त्या जमिनीवरच्या माणसाचं नाव दिलेलं नव्हतं.

झालं. तडजोड ठरली. तो जमिनीवरचा माणूस मी. दर खेपेला निघण्याआधी मुलीने मला विचारायचं आणि 'नाही' म्हणायचा हक्क माझा. मी 'नाही' म्हटलं की होडी सुटणार नाही. मात्र कारण हवेचं, पाण्याचं किंवा भरती-ओहोटीचं पाहिजे. भीती चालणार नाही. आणि हे शेवटचं कलम माझ्या लेकीनेच घातलं: मी 'नाही' म्हटलं आणि समुद्र दिवसभर गुमान राहिला, तर हक्क संपला. परत कधी विचारणार नाही.

"एकच 'नाही' चुकलं तरी?" मी विचारलं.

"एकच."

वकिलाची पोर. मी कबूल झाले, कारण दुसरा इलाज नव्हता. हा हक्क माझ्या हातून गेला असता, तर ती समुद्रात आहे की घरी आहे हेही मला कळलं नसतं.

मी अभ्यासाला लागले. फोनवर वाऱ्याचा नकाशा येतो, त्यात रंग असतात, बाण असतात. बाण तर माझ्या ओळखीचेच. पहाटे मतलई वारा अंगणातल्या धुळीसकट होडीला समुद्राकडे लोटतो, दुपारी खारा वारा तिला परत आणतो, हे मी मुलीला समजावून सांगायचे आणि ती "हो बाई" म्हणायची. थंडीभर सगळं सुरळीत चाललं. ती विचारायची, मी बघायची, "जा" म्हणायची. संध्याकाळी "आलो" असा एक शब्द येई आणि मी पोळ्या लाटायला घेई. मला वाटायला लागलं की समुद्रसुद्धा जवळपास आपल्या गल्लीसारखाच आहे.

मग मे महिना आला. सकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होते, चादरीवर कुरडया पसरलेल्या, आभाळ कोरं, पान हलत नव्हतं. नकाशावरचे बाणसुद्धा मुंगीएवढे. कोकणातही तसंच, ओहोटीबरोबर वल्हवत बाहेर पडू, असं ती म्हणाली. असा दिवस आमच्याकडे सोन्याचा. वाळवणाला ह्याहून चांगला दिवस देवाने केला नाही. "बिनधास जा," मी सांगितलं.

दुपार टळली तरी "आलो" आलं नाही. संध्याकाळी आलं ते असं: "आई, वारा नव्हता, पण लाटा होत्या. खाडीच्या तोंडाशी आत येता येईना. भरतीची वाट पाहत दुपारभर बाहेर डुलत होतो. ओकून ओकून जीव गेला. अन् शिडाचा दांडा खांद्याले लागला."

मी विचारलं, "वारा नव्हता तं लाटा आल्या कोठून?"

"ते तू सांग. भूगोल तुया आहे."

आमच्याकडे जे यायचं ते डोळ्यांदेखत येतं. गारा येणार तर आधी आभाळ काळंनिळं होतं, वावधन सुटणार तर आधी धुळीची भिंत दिसते, मग पत्रे उडतात. वर आभाळ निर्मळ असताना खाली कुणी आपल्याला आपटू शकतं, हे वाळवण घालणाऱ्या बाईच्या डोक्यात शिरत नाही. मी अकोल्याचं आभाळ बघून कोकणच्या पाण्याला परवानगी दिली होती. मुलीने ते फार ताणलं नाही. "एक चुकलेलं 'हो' माफ," म्हणाली. "'नाही' चुकलं तं माफ नाही." तिचा खांदा पंधरवडाभर दुखत होता आणि मला तो अकोल्यात बसून दुखत होता.

नंतर पावसाळा आला, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली गेल्या. विचारणं बंद झालं. पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. शाळेत लाटांचा धडा आला की मी पोरांकडे संशयाने बघायची. वारा वाहतो म्हणून लाटा येतात, असं पुस्तकात होतं. मी मनात म्हणायची, मग नव्हता वारा तेव्हा काय आलं होतं, तुझं कपाळ?

श्रावणात माहेरी गेले. चांदूर बाजारहून गावाकडे जाणारी एस.टी. पूर्णेच्या रपट्यापाशी थांबली. रपटा म्हणजे नदीवरचा बुटका पूल, पाणी वाढलं की तो पाण्याखाली जातो. तेव्हा मात्र कडक ऊन पडलं होतं. आमच्या भागात आठवडाभर थेंब नव्हता, शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या माना टाकून उभ्या होत्या. आणि रपट्यावरून गढूळ पाणी फेस काढत, काट्याकुट्या वाहून नेत धो धो चाललं होतं. बसमधल्या कुणाला काही वाटलं नाही. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, बिडी काढली. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईने पिशवी मांडीवर घेतली आणि सगळेच लहानपणापासून जे म्हणत आलेत ते म्हणाली, "वरते पडला असन."

वरते म्हणजे मेळघाटात. सातपुड्यात. काल, परवा, कधीतरी तिकडे डोंगरावर पडला असेल आणि तो पूर आज उन्हातान्हात आमच्या दारात आला. मी ह्या नदीच्या काठी वाढले. कोरड्या आभाळाखाली आलेल्या पुरात आमची धुतलेली लुगडी वाहून गेलेली मी पाहिली आहेत. पुराआधी पाण्याला रंग येतो, मग काड्या आणि फेस येतो, मग मोठं पाणी येतं, हे मला अ-आ-ई शिकायच्या आधी माहीत होतं. इथला पाऊस आणि इथला पूर ह्यांचा एकमेकांशी काही संबंध असावाच लागतो असं नाही, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

मी बसमध्ये मोठ्याने म्हणाले, "अवं माय! समुद्रातही वरते पडते!"

म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं की मला आठवतंय तोवर हसू येईल. मी तिथेच, रपट्याच्या अलीकडे, मुलीला फोन लावला. म्हटलं, लाटेला इथला वारा लागत नाही. लांब कुठेतरी वादळ होतं, तिथे लाटा उठतात, वादळ तिथेच विरून जातं आणि लाटा चालत राहतात. दिवसचे दिवस. तुझ्या खाडीशी येईपर्यंत त्यांचा बाप मेलेला असतो. मुलगी म्हणाली, "हो आई, त्याले स्वेल म्हणतात." मी म्हटलं, "तू काही म्हण. आमच्याकडे त्याले 'वरते पडला' म्हणतात."

त्यानंतर मला अभ्यास करावा लागला नाही, मला फक्त मेळघाट शोधावा लागला. समुद्राचा मेळघाट खाली आहे. विषुववृत्ताच्या पलीकडे, पार दक्षिणेच्या महासागरात, जिथे माणूस राहत नाही आणि वादळं ठाण मांडून असतात. फोनच्या त्याच नकाशात वाऱ्याच्या पानामागे लाटांचं पान होतं, मी ते कधी उघडलंच नव्हतं. त्यात दोन आकडे असतात. एक लाटेची उंची, आणि दुसरा एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते तो. नवशिका माणूस उंची बघतो आणि खूश होतो. खरी मेख दुसऱ्या आकड्यात. भराभर येणाऱ्या लाटा जवळच्या वाऱ्याच्या, त्या बडबडतात फार, करत काही नाहीत. सावकाश येणारी लाट लांबून आलेली. खोल पाण्यात ती कळतसुद्धा नाही, होडी नुसती श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. पण खाडीच्या तोंडाशी वाळू साचून पाणी उथळ झालेलं असतं. तिथे तिचा पाय तळाला लागतो आणि ती उभी राहते. त्यातून ओहोटी असेल, खाडीचं पाणी तिच्या अंगावर धावून जात असेल, तर विचारू नका. मे महिन्यात माझ्या पोरीच्या खांद्यावर जे आलं ते हेच होतं.

दिवाळीनंतर होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या. आता मी रोज सकाळी चहाबरोबर आधी दक्षिणेचा महासागर बघायची, मग अकोल्याचं वर्तमानपत्र. हे म्हणायचे, "काय म्हणते तुमचं मेळघाट?" मी सांगायची. मुलगी शिकत गेली, मालकांचा तिच्यावर भरवसा बसला, आणि त्यांनी ठरवलं की चैत्रात दक्षिणेकडच्या बंदरापर्यंतच्या लांब सफरीवर तांडेल तीच. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. मालक स्वतः नुसते उतारू म्हणून बसणार. त्यांच्या खाडीवर आजवर कुणी बाई तांडेल झाली नव्हती. निरोप द्यायला तिचे मित्र-मैत्रिणी येणार, नारळ वाढवायचा. मुलगी फोनवर बोलायची तेव्हा तिचा आवाज लहानपणी बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी असायचा तसा झालेला.

त्याच दिवशी माझ्या दादाने बागेत रोडग्यांचा बेत ठेवला होता. नवस फिटला की आमच्याकडे रोडगे करतात: कणकेचे घट्ट गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, आणि सगळ्या गणगोताची पंगत. सकाळपासून संत्र्यांच्या झाडांखाली गोवऱ्या रचणं चालू होतं. बागेत फोनची रेंज फक्त विहिरीवरच्या मोटरघराशी येते, म्हणून मी तिथे उभी होते.

लाटांचं पान मी चार-पाच दिवसांपासून बघत होते. पार खाली, दक्षिणेत, लालभडक डाग उठला होता. मग तो विरला. आज कोकणच्या किनाऱ्यावर उंचीचा आकडा लहानच होता, कुणालाही गोड वाटेल असा. दुसरा आकडा अठरा. अठरा सेकंदांना एक लाट. आणि दुपारकडे उंची वाढत जाणारी.

फोन आला. मागे हसण्या-खिदळण्याचा आवाज. "आई, वारा एकदम मस्त आहे, आभाळ साफ. ओहोटी लागून राह्यली, निघतो. म्हण ना 'जा'."

'जा' म्हणणं किती सोपं होतं! 'नाही' म्हटलं आणि समुद्र गुमान राहिला, तर पोरीचा तांडेल व्हायचा दिवस मी मोडलेला आणि माझा हक्कही कायमचा गेलेला. पुढच्या वेळी ती मला न विचारता जाईल. मला भीती वाटत होती म्हणूनच मी स्वतःला दोनदा विचारलं की ही भीती बोलतेय की अठराचा आकडा.

"निघायच्या आधी एक काम कर," मी म्हटलं. "खाडीच्या तोंडाशी जाय. खडकावर पानी कसं चढते ते पाय. लाट केवढी हे नको सांगू. एकीमांगून दुसरी यायले किती वेळ लागते ते सांग."

कुरकुरत गेली. परत फोन आला तेव्हा मागचं हसणं थांबलं होतं. "लाटा बारीकच आहेत," ती म्हणाली. "पण आई, लय सावकाश येऊन राह्यल्या. मधात इतका वेळ जाते की वाटते आता येतच नाही. अन् आली की खडकावर चढतच राह्यते."

पुराआधीच्या काड्या आणि फेस. मी डोळ्यांनी बघावं तसं बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "वरते पडला आहे."

मग होडीच्या मालकांनी फोन घेतला. अतिशय सभ्य माणूस. "ताई, तुमची काळजी समजते मला. पण मी इतकी वर्षं हा समुद्र बघतोय, आज तर तो झोपलेला आहे. ओहोटी गेली की दिवस गेला आमचा."

"झोपला नाही, भाऊसाहेब," मी म्हटलं. "त्याच्याकडे पाहुणे येऊन राह्यले, त्याले अजून माहीत नाही. ओहोटीत बाहेर पडाल अन् तुमच्या वाळूवरच गाठ पडन. ठरल्याप्रमाणे कारण सांगितलं. आता तांडेल ठरवन."

मग मुलीचा आवाज, बारीक, पण सरळ: "होडी सुटणार नाही."

तिने फोन ठेवला. रडवेली झाली होती हे मला कळलं. मी मोटरघराच्या पायरीवर बसले आणि मलाही रडू आलं. दादा गोवऱ्यांच्या धुरातून डोळे पुसत आला. त्याला सगळा किस्सा सांगितला.

"काय वं बाई तू बी!" तो म्हणाला. "समुद्र कोठी, अन् चांदूर बाजार कोठी! पोट्टीचा दिवस खराब केला तुनं."

वहिनी म्हणाली, "जाऊ द्या, तिले आधीच कसंनुसं होऊन राह्यलं." भाच्यांनी तर गाणंच केलं, आत्याबाईचा समुद्र, आत्याबाईचा समुद्र. मी त्यांना वांगी चिरायला बसवलं. दर थोड्या वेळाने मोटरघराकडे जायची, यायची. फोनवर काही नाही. आभाळ निळंशार, कोकणातही तसंच असणार. समुद्र झोपलेलाच राहतो की काय! आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून वाईट हवेसाठी प्रार्थना केली, आणि लगेच स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं, कारण समुद्रावर दुसऱ्यांचीही लेकरं असतात.

पंगत बसली. रोडगे आरातून काढून, राख झटकून, फोडून तुपात बुडवत होते. माझा घास तोंडापर्यंत गेला आणि मोटरघराशी ठेवलेला फोन वाजला. भाचा पळत गेला, पळत आला. फोन हातात, डोळे वटारलेले. "आत्याबाई! पाय पाय!"

मुलीच्या फोनवरून तिच्या मैत्रिणीने काढलेलं खाडीच्या तोंडाचं चित्रण आलं होतं. रेंजच्या मेहेरबानीने ते मोटरघराशीच थांबत थांबत उतरलं होतं. वर आभाळ कुरडया टाकाव्या असं. झाडाचं पान जेमतेम हलतंय. आणि खाली खाडीचं तोंड ह्या काठापासून त्या काठापर्यंत पांढरं. एकामागून एक लाटा वाळूवर उभ्या राहत होत्या, भिंतीसारख्या, आणि कोसळत होत्या. किनाऱ्यावरच्या हॉटेलाच्या खुर्च्या पाण्यात तरंगत होत्या. नांगरलेल्या होड्या उड्या मारत होत्या. सकाळी बाहेर गेलेल्या मच्छीमारांना किनाऱ्यावरची माणसं बाहेरच थांबा म्हणून कापड हलवून खुणा करत होती, आणि मुलगी त्यांच्यात सगळ्यांत पुढे होती. ती सगळी माणसं भरती आल्यावर सुखरूप आत आली, हे मला संध्याकाळी कळलं. सकाळी ज्या वाळूवरून माझी पोर निघणार होती, त्या वाळूवर दादाच्या मोटरघराएवढं पाणी उभं राहत होतं.

फोन पंगतीतून फिरला. दादाने तो तुपकट हातांनी धरून दोनदा पाहिला. माझा दादा कधी कुणाला शाबासकी देत नाही. त्याने माझ्या ताटात आणखी एक रोडगा टाकला, त्यावर तूप ओतलं, ओतत राहिला, आणि म्हणाला, "वरतेच पडला होता वं."

मी उठून उभी राहिले आणि पंगतीत, सगळ्या व्याह्या-विहिणींच्या देखत, दोन्ही हात वर करून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि ते मी ह्यांच्या तोंडावर सांगितलं आहे.

पण खरी परीक्षा त्या दिवशी नव्हती. ती तीन सकाळींनंतर अकोल्यात झाली. गच्चीवर कुरडयांचा दिवस होता. शेजारणी आल्या होत्या, चिकाचं पातेलं वाफाळत होतं, सोऱ्या फिरत होता. फोन मांडीवर.

"आई," मुलगी म्हणाली, "इथे वारा सुटला आहे. पाण्यावर फेसाचे ठिपके दिसून राह्यले. होडीवाले काका म्हणतात अजून थांबू. मलाही वाटते थांबावं. तू सांग."

वारा. माझ्यासारख्या बाईला वाऱ्याचं भय सांगावं लागत नाही. वावधनात उडालेले पत्रे मी पाहिले आहेत. गच्चीवर बसून मला तिच्या मागचा तो सूं सूं आवाज ऐकू येत होता आणि आतून एकच शब्द वर येत होता: थांब. थांब म्हटलं असतं तर ह्या वेळी कुणी कारणही विचारलं नसतं. रोडग्यांच्या दिवसानंतर माझं 'नाही' म्हणजे ब्रह्मवाक्य झालं होतं.

मी लाटांचं पान उघडलं. दुसरा आकडा खाली आला होता. पाहुणे येऊन, जेवून, गेले होते. उरल्या त्या जवळच्या, बडबड्या लाटा. वारा वायव्येचा, एकसारखा, झटके नाहीत, दुपारनंतर कमी होणारा, आणि तिची वाट दक्षिणेची. म्हणजे वारा पाठीशी. आज भरतीचं पाणी खाडीत सकाळीच पूर्ण भरलेलं. मी तीनदा बघितलं. भीती होती तिथेच होती, पण तिच्या बाजूने एकही पुरावा नव्हता.

"शीड अर्धं गुंडाळून ठेव," मी म्हटलं. "भरतीचं पानी आहे तोवर वाळू ओलांड. अन् निघ."

"नक्की?"

"निघ, माय."

फोन ठेवला तर गच्चीवर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सोऱ्या मधेच थांबलेला. "पाठवली काय वं पोरीले, मॅडम? वाऱ्यात?" एकीने विचारलं. मी म्हटलं, "पाठवली." मी सोऱ्या मागून घेतला आणि कुरडया पाडायला लागले. त्या दिवशीच्या माझ्या कुरडया वेड्यावाकड्या झाल्या, आजही डब्यात ओळखू येतात.

दिवस उतरणीला लागला. वाळलेल्या कुरडया चादरीवरून सोडवायला बायका परत वर आल्या. त्या उगीच आल्या नव्हत्या, एरवी हे काम एकटीचं. हेही कोर्टातून लवकर येऊन कठड्याशी उभे राहिले, आणि सारखे घड्याळ बघून ते न बघितल्यासारखं करत होते.

फोन वाजला. "पोचलो!" मुलगी ओरडत होती, इतकी की स्पीकर लावायची गरज नव्हती. "आई, पोचलो! होडी उडाली नुसती! बंदरात मीच आणली, मी! अन् ऐक, ते एका चुकीचं कलम मी आजपासून रद्द करून राह्यली."

गच्चीवर जो गलका झाला त्याने खालच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. मी रडत होते, हसत होते, आणि हे सगळं कुरडयांच्या चादरीवर बसून चाललं होतं.

मग फोनवर मालकांचा आवाज आला, दमलेला, खुशीतला. "ताई, इथल्या बंदरात आणखी दोन होड्या आहेत, उद्या उत्तरेकडे निघायच्यात. त्यांनी मला विचारलं, तुम्ही हवा कुणाला विचारून निघालात? मी म्हटलं, अकोल्याला. ते इथे थांबलेत, ताई. उद्याचं काय?"

मी ओटीतल्या कुरडया शेजारणीच्या ओटीत टाकल्या, हात पदराला पुसले, आणि म्हणाले, "थांबा, पाहून सांगतो."